इंग्लंडमध्ये घर घेताना टायटलचा वर्ग आधी वाचा

ताई, रेडिंगच्या घरासंबंधी सॉलिसिटरच्या (खरेदीचं काम पाहणाऱ्या वकिलाच्या) पत्रात ‘पझेसरी फ्रीहोल्ड’ (फ्रीहोल्ड म्हणजे जमिनीसकट कायमची मालकी) असं वाचून तुम्ही धास्तावलात आणि विचारलंत, ‘इथे सातबाऱ्यासारखं काही नसतं का?’ आमच्या हॅरोच्या घराच्या वेळी मीही याच शब्दावर अडलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सातबारा मूळचा महसुलाचा कागद. त्यावर नाव चढलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही, म्हणूनच आपल्याकडे वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतात. इंग्लंड-वेल्समध्ये मात्र नोंदलेल्या घराचे पूर्ण पैसे दिले, किल्ली हातात आली, तरी लँड रजिस्ट्रीत, म्हणजे मालकीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या रजिस्टरमध्ये, नाव लागेपर्यंत कायद्याने तुम्ही मालक नाही. एकदा लागलं की त्यामागे सरकारची हमी असते. रजिस्टरमधल्या चुकीमुळे नुकसान झालं आणि तुमचा दोष नसेल, तर भरपाई मिळते. (स्कॉटलंडचा कायदा वेगळा, त्यात मी शिरत नाही.)

ही हमी किती पक्की, ते टायटलच्या, म्हणजे मालकी हक्काच्या, वर्गावरून कळतं. रजिस्टरचे तीन भाग: मालमत्ता, मालक, बोजे. मालकाच्या भागाच्या डोक्यावरच वर्ग लिहिलेला असतो. बहुतेक घरांना ‘अ‍ॅब्सोल्यूट’ असतं, ते सर्वांत भक्कम. ‘क्वालिफाइड’ म्हणजे एखादा ठरावीक दोष नोंदवून दिलेलं टायटल. ते फार क्वचित दिसतं.

तुमचं तिसरं, पझेसरी. जुनी खतं हरवलेली असतात, किंवा कुणी वर्षानुवर्षं जागा वहिवाटलेली असते, तेव्हा हे मिळतं. पहिल्या नोंदणीच्या आधीपासूनचा कुणाचा हक्क पुढे निघाला, तर तो तुमच्या माथी. पण हा वर्ग कायमचा नसतो. नोंदणीला 12 वर्षं झाली आणि ताबा मालकाकडेच असला, तर यूटी-1 अर्ज करून तो अ‍ॅब्सोल्यूट करून घेता येतो.

आमच्या घराचं टायटल अ‍ॅब्सोल्यूट होतं, बागेच्या टोकाची पट्टी तेवढी पझेसरी, वेगळ्या टायटल नंबरची. कर्ज देणाऱ्या बँकेने तिच्यासाठी इन्डेम्निटी विमा मागितला, म्हणजे पुढे कुणाचा हक्क निघाला तर नुकसान भरून देणारा विमा. मी आग्रह धरला, म्हणून त्याचा एकरकमी हप्ता विक्रेत्याने भरला. त्या दिवसांत मी शेजाऱ्यांकडे पट्टीची चौकशी करायला निघालो होतो. सॉलिसिटरबाईंनी वेळीच थांबवलं. ज्याचा हक्क असू शकतो अशा माणसाशी आधी बोललात, तर विमा कंपनी हात वर करते. तुम्हीही कुणाला फोन करू नका.

सॉलिसिटरला आधी हे विचारा: पझेसरी नेमकं काय आहे? घराखालची जमीन, बागेचा तुकडा, की रस्त्याकडे जाणारी वाट? बागेच्या तुकड्याला मी घाबरणार नाही. वाट पझेसरी असेल तर विमा आणि बँकेचा लेखी होकार येईपर्यंत कराराची देवाणघेवाण (‘एक्स्चेंज’, त्यानंतर व्यवहार बंधनकारक होतो) करू देऊ नका. टायटल प्लॅनही मागवा, पण त्यावरच्या लाल रेघेवर कुंपणाची इंचाइंचाची हद्द ठरत नाही, ती फक्त साधारण सीमा दाखवते.

आणि पझेसरी नोंद झाल्याची तारीख विचारून मला कळवा, 12 वर्षं भरायला किती उरलीत ते पाहू.