अंटार्क्टिकाला निघालास? आधी कुसळं काढ
भावा, जहाज लहानच घे. तिथं एका वेळी १०० पेक्षा जास्त प्रवासी किनाऱ्यावर उतरवत नाहीत, आणि ५०० च्या वर प्रवासी असलेल्या जहाजातून तर कुणालाच उतरता येत नाही. दोनशेचं जहाज घेतलंस तर निम्मा वेळ डेकवर ताटकळणार.

लहान जहाज हलतं मात्र जोरात. अर्जेंटिनातलं उशुआइया बंदर सोडलं की ड्रेक पॅसेजचे, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकामधल्या खवळत्या समुद्राचे, साधारण दोन दिवस. चोर्ला घाटात ज्याला मळमळतं, त्यानं डॉक्टरला विचारून गोळी आधीच घ्यावी. मी शहाणपणा केला आणि दीड दिवस बादली धरून बसलो.

वॉटरप्रूफ पँट चांगली घे, जहाजातून किनाऱ्यावर नेणाऱ्या रबरी बोटीत मांड्याच भिजतात. बाकी कपड्यांचं टेन्शन नको.

खरी परीक्षा कुसळांची. खानापूरच्या रानात फिरवलेलीच बॅग मी नेली होती. वेल्क्रोत रुतलेली तीन कुसळं जहाजावरच्या पोरीनं चिमट्यानं काढली, सगळ्यांसमोर! परकं बी तिकडं रुजू नये म्हणून हे. बूटही धुवायला लावतात. तेव्हा घरीच टाचणी घेऊन बस. आणि खिशात लाडू ठेवून उतरू नकोस, किनाऱ्यावर खाणं न्यायला बंदी आहे. पेंग्विनपासून ५ मीटर लांब राहायचं; तो आपणहून जवळ आला तर गुमान थांबायचं.