पारलिंगी नायिका ‘मी आलो’ म्हणेल की ‘मी आले’?

प्रश्न : माझ्या कादंबरीतली नायिका जन्मनोंदीप्रमाणे मुलगा आहे, पण स्वतःला मुलगी मानते. बँकेत नोकरी करते. घरी अजून कुणाला माहीत नाही. तिच्या तोंडी ‘आलो’ घालू की ‘आले’? आणि निवेदनात काय करू?

उत्तर : आधी निवेदनाचं ठरवा. पहिल्या पानापासून, अगदी शाळेतल्या प्रसंगांतही, ‘ती आली’ असंच लिहा. ती घरी सांगते त्या प्रकरणापासून ‘तो’चं ‘ती’ केलंत, तर तोवर ती मुलगाच होती असा अर्थ निघतो आणि निवेदक घरच्यांच्या बाजूचा होऊन बसतो.

संवादांत खरी गंमत आहे. मराठीत लिंग झाकायला बऱ्याच जागा आहेत आणि लपून जगणाऱ्या माणसाला त्या सापडतातच. ‘मी जाईन’ यातून काही कळत नाही. ‘मी चहा घेतला’, ‘मी भाकरी खाल्ली’ इथं क्रियापद कर्मामागे जातं. ‘आम्ही निघालो’ सगळ्यांनाच चालतं. अडतं ते ‘आलो-आले’, ‘जातो-जाते’ इथे. म्हणून भावानं ‘कधी आलास?’ विचारलं, की तिचं उत्तर ‘मगाशीच’ एवढंच असू दे. असं बरीच पानं चालवा, आणि मग एखाद्या मैत्रिणीजवळ तिच्या तोंडून ‘दमले गं’ निघू द्या. त्यावर निवेदकानं एक शब्दही बोलू नये. वाचकाला ते ऐकू येतं.

कथा कोल्हापूरकडची असेल तर मात्र हे साधणार नाही, कारण तिथल्या बायकाही ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. तिथे सगळा भार इतरांच्या ‘आलास’-‘आलीस’वर टाका. सगळं घर एका दिवसात बदलूही नका. बहीण लगेच ‘आलीस’ म्हणेल; आई महिनोन्‌महिने चुकेल, रागात तर हमखास.

आणखी एक. हिजडा समाजातलं गुरू-चेल्याचं नातं वेगळं, सौंदत्तीच्या यल्लम्माशी बांधलेल्या जोगत्याचं आयुष्य वेगळं. तुमच्या नायिकेचा या दोन्हींशी संबंध नसेल, तर रंगतीसाठी ते तिच्यावर लादू नका.

प्रश्न : दोन समलिंगी पुरुषांची पुण्यातली कथा लिहितोय, काळ २०१२ ते २०१९. कायदा किती आणू?

उत्तर : कलमांचे आकडे कमी, त्यांचा परिणाम जास्त. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २ जुलै २००९ च्या निकालामुळे २०१२ मध्ये दोन प्रौढांचा संमतीनं, खासगीत आलेला संबंध गुन्हा नव्हता. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला आणि ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच न्यायालयानं ‘हा गुन्हा नाही’ असं ठरवेपर्यंत तो संबंध पुन्हा गुन्हा ठरला. त्यामुळे २०१५ मध्ये पैसे उकळणारा ‘पोलिसांत जाऊ का?’ म्हणून धमकावतो, आणि लुबाडला गेलेला तक्रार द्यायला धजत नाही, कारण तिथे तोच आरोपी ठरायची भीती. २०१९ मध्ये त्याच माणसाच्या तोंडी हे वाक्य लटकं पडेल. तेव्हा तो म्हणेल, ‘तुझ्या बाबांना फोन लावू का?’