'बॅड ब्लॉक'चा संदेश नेमका कोण देत असतो?

आपण दिलेली माहिती अशी आहे: घरच्या डेस्कटॉपवर फोटोंचा फोल्डर उघडताना 'डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक' असा संदेश येतो, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'डिस्क' या नावाखाली ७ आणि १५३ क्रमांकांच्या नोंदी दिसतात, आणि डिस्कची तब्येत दाखवणारे क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळ्या रंगात 'कॉशन' (सावधान) दाखवून सी५ समोर ४८ व सी७ समोर २ हे आकडे देते. दुकानदार फॉरमॅट करून देतो म्हणतो, तर मित्र डिस्कवरील चुका तपासणारी विंडोजची 'चेकडिस्क' ही आज्ञा चालवायला सांगतो. माझी कळकळीची विनंती आहे की फोटोंची प्रत दुसऱ्या डिस्कवर जाईपर्यंत यांपैकी काहीही करू नये.

असे संदेश वाचताना मी प्रथम एवढेच पाहतो की बोलणारा कोण आहे. डिस्क स्वतः, तिला मदरबोर्डशी जोडणारी केबल व कंट्रोलर, किंवा वरची फाइल सिस्टिम (कोणती फाइल कुठे आहे ही मांडणी), अशा तीन ठिकाणांहून तक्रार येऊ शकते आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमची, ५५ क्रमांकाची नोंद फाइल सिस्टिमची रचना बिघडल्याचे सांगते. अचानक वीज गेल्यानेही ती येते आणि तेवढ्यावरून डिस्कला दोष देता येत नाही. क्रमांक ११ म्हणजे कंट्रोलरची चूक, आणि तिथे केबल बदलून पाहणे योग्य ठरते. क्रमांक ७ मात्र स्पष्ट शब्दांत 'बॅड ब्लॉक' सांगतो, म्हणजे मागितलेला सेक्टर (साठवणीचा छोटा तुकडा) डिस्कलाच वाचता आला नाही. त्या नोंदीत उपकरणाचे नावही असते, ते अवश्य पाहावे, कारण तिथे 'सीडीरॉम०' असेल तर दोष फक्त ओरखडे पडलेल्या डीव्हीडीचा असतो. आपल्या नोंदीत 'हार्डडिस्क१' असल्यास डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'डिस्क १' कोणती ते बघून घ्यावे. क्रमांक १५३ सांगतो की वाचण्याची किंवा लिहिण्याची विनंती पुन्हा करावी लागली. एकटा असता तर मी केबलवरही संशय घेतला असता. सातच्या सोबतीने तो डिस्ककडेच बोट दाखवतो.

'सीआरसी', म्हणजे सायक्लिक रिडंडन्सी चेक, या शब्दाने आपला गोंधळ झालेला दिसतो आणि तो साहजिक आहे, कारण एकच शब्द दोन ठिकाणी जवळजवळ उलट अर्थाने येतो. फोल्डर उघडताना विंडोज जो सीआरसीचा संदेश देते, त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की सेक्टरमधील मजकुरासोबत ठेवलेल्या दुरुस्ती-संकेतांच्या मदतीनेही डिस्कला तो मजकूर जुळवता आला नाही. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या, तक्त्यातील सी७ हा सीआरसीचा आकडा मात्र डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातील वाटेवर, म्हणजे बहुधा केबलमध्ये, झालेल्या चुका मोजतो. हा आकडा कधीच मागे येत नाही, त्यामुळे आपले २ हे फार जुने असू शकतात. ते वाढत नसतील तर केबलची चिंता नको.

खरी चिंता सी५ ची आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे सोळाच्या पायावर, म्हणजे हेक्समध्ये दाखवते, म्हणून ४८ म्हणजे प्रत्यक्षात ७२. इतके सेक्टर वाचता न आल्यामुळे निर्णयाविना पडून आहेत. ७२ ही संख्या ८ च्या पटीत आहे आणि आपली डिस्क ४,०९६ बाइटच्या सेक्टरची असेल, तर ५१२ बाइटच्या हिशोबात मोजलेले हे बहुधा ९ प्रत्यक्ष सेक्टर असावेत. संख्या लहान वाटते, पण गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कांवर केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यात असा पहिला संशयित सेक्टर दिसल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता, असा एकही सेक्टर नसलेल्या डिस्कच्या १६ पट आढळली होती. त्याच अभ्यासात निकामी झालेल्या निम्म्याहून अधिक डिस्कांनी स्मार्टच्या मुख्य खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. आपल्या डिस्कने खूण दाखवली आहे, तेव्हा ती वाया घालवू नये.

दुकानदाराचा उपाय यशस्वी का वाटतो, तेही सांगतो. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्ये लिहितो. पडून असलेल्या सेक्टरवर नव्याने लिहिले की डिस्क तो पुन्हा वापरात घेते किंवा राखीव सेक्टर त्याच्या जागी लावते, आणि सी५ शून्यावर येतो. पिवळा रंगही कित्येकदा जातो. आपले फोटो मात्र त्याआधीच गेलेले असतात, आणि पृष्ठभाग किंवा हेड (वाचणारे-लिहिणारे टोक) झिजले असेल तर ते तसेच राहते.

चेकडिस्कबद्दल माझे मत अनुभवातून बनले आहे. 'आर' पर्यायासह ती प्रत्येक सेक्टर वाचायला लावते, म्हणजे आजारी डिस्कला रात्रभर राबवते, आणि ज्या नोंदी वाचता येत नाहीत त्या फाइल सिस्टिममधून काढून टाकते किंवा 'फाउंड.०००' या फोल्डरमध्ये बिननावाचे तुकडे ठेवते. माझ्या आजीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण ज्या डिस्कवर होते, तिच्यावर मी स्वतः ही आज्ञा चालवली आणि सकाळी बायोसला (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीला) ती डिस्क दिसेनाशी झाली. त्या ओव्या परत मिळाल्या नाहीत.

म्हणून आता संगणक बंद करावा आणि तेवढीच किंवा अधिक क्षमतेची नवी डिस्क आणावी. लिनक्सच्या लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणाऱ्या, पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून जीएनयू डीडीरेस्क्यूने जुन्या डिस्कची संपूर्ण प्रत घ्यावी. हे साधन सहज वाचता येणारा भाग आधी उचलते आणि राहिलेल्या जागा मॅपफाइलमध्ये टिपून ठेवते, त्यामुळे काम मध्येच थांबले तरी तिथूनच पुढे चालू करता येते. पहिल्या फेरीत 'एन' पर्याय देऊन अवघड जागा सोडाव्यात, आणि मगच तीन वेळा फेरप्रयत्न करायला सांगावे. मॅपफाइल तिसऱ्याच पेनड्राइव्हवर असावी. आज्ञेत आधी जुनी डिस्क आणि नंतर नवी, हा क्रम अनुक्रमांक पाहून दोनदा तपासावा. तो उलटला तर रिकामी डिस्क आपल्या फोटोंवर लिहिली जाईल. चेकडिस्क चालवायचीच असेल तर या प्रतीवर, आणि तीही शक्य झाल्यास प्रतीची आणखी एक प्रत घेतल्यावर.

प्रत घेताना डिस्कमधून ठराविक अंतराने टकटक आवाज येऊ लागला, तर वीज तात्काळ तोडावी. तो हेडचा आवाज असतो आणि तेव्हा प्रत्येक मिनिटाला पृष्ठभाग खरवडला जाण्याची भीती असते. डिस्क फ्रीजमध्ये ठेवू नये आणि स्वच्छ कक्ष नसलेल्या कोणालाही ती उघडू देऊ नये. आवाज येत नसेल, तर पहिल्या फेरीअखेर डीडीरेस्क्यू न वाचलेल्या भागाचा जो आकडा दाखवते तो इथे लिहावा; त्यावरून किती फेरप्रयत्न करणे योग्य ते मला सांगता येईल.