भाचीचे ‘समर्पण’ : मामाने कोणाकडे जावे?

प्रश्न : आदरणीय ताई, माझी धाकटी बहीण आणि मेहुणे सहा वर्षांपूर्वी एका गुरूंच्या भजनी लागले आणि राहते घर विकून उमरेडच्या पुढे त्यांच्या वसाहतीत राहायला गेले. तिथे तीस-चाळीस कुटुंबे आहेत, मोबाईल फक्त कारभाऱ्यांकडे असतो, आणि गुरूंच्या चार ‘सहधर्मिणी’ आहेत. यंदा तान्ह्या पोळ्याला माझी चौदा वर्षांची भाची दोन दिवस आमच्याकडे आली होती. निघताना ती मामीला म्हणाली, “कोजागिरीला माझे समर्पण आहे, मग मला येता येणार नाही.” बहिणीला विचारले तर म्हणते, “दादा, तू संसारी माणूस, तुला हे कळायचे नाही.” माझ्याजवळ पुरावा काहीच नाही. तक्रार केली आणि तसे काही नसले, तर बहीण कायमची तुटेल. मी काय करावे?
— एक मामा, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आपण पुराव्याची वाट पाहत थांबू नये, हे मी सर्वांत आधी सांगते, कारण कोजागिरीला फार दिवस उरलेले नाहीत आणि या बाबतीत पुरावा हाती येतो तो बहुधा नुकसान होऊन गेल्यावरच. पॉक्सो कायद्याच्या, म्हणजे २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ मध्ये, गुन्हा घडल्याची माहिती असणाऱ्यासोबत तो घडण्याची शक्यता वाटणाऱ्यालाही कळवायला सांगितले आहे. गुन्ह्याची माहिती असून गप्प राहणे हा कलम २१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. उलट, सद्भावनेने दिलेली माहिती पुढे चुकीची ठरली, तरी ती देणाऱ्यावर त्यासाठी कारवाई होत नाही. भाचीचे वाक्य, वसाहतीतली चार ‘सहधर्मिणीं’ची रीत आणि बहिणीचे उडवाउडवीचे उत्तर, एवढे आपल्याजवळ आहे आणि ते पुरेसे आहे.

त्या विधीला समर्पण म्हणा, दीक्षा म्हणा की लग्न, अठरा वर्षांखालील मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हाच आहे. तिची संमती, आईवडिलांची संमती किंवा गळ्यात घातलेली माळ यांपैकी कशानेही तो माफ होत नाही. पत्नी अठरा वर्षांखालील असेल तर पतीलाही सूट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील माणसाने त्याच संस्थेतील मुलावर केलेला अत्याचार तर पॉक्सोमध्ये अधिक गंभीर प्रकारात मोजला जातो. शिवाय आपल्या राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. स्वतःत दैवी शक्ती असल्याचे भासवून, किंवा भक्त स्त्री ही पूर्वजन्मीची आपली पत्नी होती असे सांगून तिच्याशी संबंध ठेवणे, हे त्या कायद्याच्या अनुसूचीत जवळजवळ याच शब्दांत लिहिलेले आहे. ज्यांनी तो मसुदा लिहिला त्यांनी अशा मठांचे दरवाजे आतून पाहिले असावेत, असे मला तो वाचताना नेहमी वाटते.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगते. १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करून भाचीचे नाव, वय, ठिकाण आणि कोजागिरीची तारीख सांगा, आणि त्याच दिवशी जिल्हा बालकल्याण समितीला लेखी अर्ज द्या. बालविवाहाचा धोका असलेले मूल बाल न्याय कायद्यानुसार ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते आणि समिती त्यात लक्ष घालू शकते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम मिळतो. हुकूम मोडून लावलेले लग्न मुळातच रद्दबातल असते. विधीला लग्न म्हणत नाहीत, अशी हरकत वसाहतीकडून घेतली जाईल, म्हणून अर्जात भाचीचे वाक्य तिच्याच शब्दांत लिहा आणि चार ‘सहधर्मिणीं’चा उल्लेख न विसरता करा. वकिलासाठी पैसे नाहीत म्हणून अडू नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मुलांच्या प्रकरणात विनामूल्य मदत देते. पोलिसांत जावे लागले आणि ‘हद्द आमची नाही’ असे उत्तर मिळाले, तर शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर), म्हणजे हद्द न पाहता, गुन्हा नोंदवून घ्या असा आग्रह धरा.

एक कागद मात्र आजच शोधून ठेवा, तो म्हणजे भाचीचा जन्मदाखला. मी दोन कार्यकाळ विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या बालकल्याण समितीवर होते. अशाच एका वसाहतीतून आलेली मुलगी आमच्यासमोर खुर्ची असूनही जमिनीवर बसली आणि वय विचारल्यावर तिने हाताची पाच बोटे दाखवली. आमच्यातल्या एकांना ती मतिमंद वाटली. पुन्हा हळूच विचारल्यावर कळले, की वय दीक्षेच्या दिवसापासून मोजायला तिला शिकवले होते आणि त्याआधीचे आयुष्य हिशेबात धरायचेच नव्हते. तिचे शाळेतले नाव तिला आठवत होते, पण ते मोठ्याने उच्चारायला ती तयार नव्हती. जन्मतारखेचा कागद नसता, तर तिचे वय ठरवायला वैद्यकीय तपासणी करावी लागली असती आणि त्या तपासणीच्या अंदाजावर विरुद्ध बाजूचा वकील महिनोन्‌महिने वाद घालत बसला असता. आपली भाची डागा रुग्णालयात जन्मली असो वा खासगी दवाखान्यात, नागपुरात जन्मली असेल तर नोंद महापालिकेत असेल. तिच्या जुन्या शाळेच्या दाखल्याची प्रतही काढून ठेवा.

बहिणीशी भांडू नका. गुरूंची निंदा केली तर ती दार लावून घेईल, आणि भाचीला बाहेरच्या जगाकडे येण्याची एकच वाट आहे, ती म्हणजे मामाचे घर. भाची पुन्हा आली तर तिची उलटतपासणी करू नका, तिचे बोलणे मोबाईलवर चित्रित करू नका, नातेवाइकांच्या गटावर तर मुळीच टाकू नका. तिचा जबाब तिच्या सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यावा, अशी कायद्यात तरतूद आहे.

प्रश्न : अमेरिकेतल्या बहुपत्नीक पंथाविषयी वाचले. सरकारने शेकडो मुले ताब्यात घेतली आणि दोन महिन्यांत परत दिली. तेथे एवढे होऊनही मुले सुटत नसतील, तर बहुपत्नीत्वाचीच शिक्षा कडक करून अशा वसाहती सरसकट रिकाम्या का करू नयेत?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : आपला संताप मला समजतो, परंतु सरसकट कारवाईने मुलांचे काय होते, हे त्या पंथाच्याच इतिहासात दिसते. मुख्य मॉर्मन चर्चने, म्हणजे हा पंथ ज्यातून फुटला त्या अमेरिकेतल्या धर्मसंस्थेने, १८९० मध्ये बहुपत्नीत्व सोडले. ते न मानणारे गट वेगळे निघाले आणि त्यांच्यापैकी एक युटा-ॲरिझोनाच्या सीमेवर शॉर्ट क्रीक येथे स्थिरावला. २६ जुलै १९५३ रोजी ॲरिझोना सरकारने तेथे छापा घालून अडीचशेहून अधिक मुले ताब्यात घेतली. आयांपासून तोडलेल्या मुलांची छायाचित्रे छापून आली, लोकमत उलटले, राज्यपाल हॉवर्ड पाइल पुढच्या वर्षी निवडणूक हरले, आणि त्यानंतर कित्येक दशके त्या गावाला हात लावायला कोणी धजले नाही. त्या शांततेत मुलींची लग्ने लागत राहिली.

आपण वाचले ते २००८ च्या टेक्सासमधील कारवाईविषयी असावे. एल्डोराडोजवळच्या वसाहतीतून चारशेहून अधिक मुले काढली गेली, आणि ज्या फोनवरून हे सुरू झाले तो बनावट निघाला. सर्व मुलांना एकदम काढण्याइतका प्रत्येकाच्या धोक्याचा पुरावा नव्हता, म्हणून २९ मे रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांना परत पाठवण्याचा मार्ग मोकळा केला. तथापि त्या छाप्यात मिळालेल्या नोंदी, ध्वनिफिती आणि डीएनए चाचण्या यांच्या आधारे एकेका मुलीचे प्रकरण स्वतंत्रपणे उभे राहिले. पंथाचा प्रमुख वॉरन जेफ्स २०११ मध्ये दोन अल्पवयीन मुलींवरील अत्याचारासाठी दोषी ठरला आणि त्याला जन्मठेप व वर वीस वर्षे शिक्षा झाली. सरसकट कारवाई टिकली नाही, मुलींचे खटले टिकले.

कडक शिक्षेचीही दुसरी बाजू आहे. सज्ञान आणि राजीखुशीने राहणाऱ्यांच्या बहुपत्नीत्वाचा गुन्हा युटाने २०२० मध्ये किरकोळ दर्जाचा केला, कारण स्वतःच गुन्हेगार ठरण्याच्या भीतीने आया मुलींवरच्या अत्याचाराविषयी तोंड उघडत नव्हत्या. सक्ती आणि अल्पवयीन मुलींशी लग्न मात्र गंभीर गुन्हाच राहिला. मला हा निर्णय बरोबर वाटतो. आपल्याकडे द्विभार्या गुन्हा आहे आणि तो राहावा, पण पोलिसांनी पहिला प्रश्न ‘तुम्ही कितवी?’ असा विचारला, तर ती बाई दुसरे उत्तर देणार नाही.

मुलगे तर या चर्चेतून अनेकदा गळूनच जातात. एका पुरुषाने अनेक बायका केल्या की बाकीचे तरुण वसाहतीला जड होतात. त्या पंथातून क्षुल्लक कारणावरून घराबाहेर काढलेल्या किशोरांना तिकडे ‘हरवलेली मुले’ म्हणतात. त्यांच्याजवळ शिक्षण नसते, घर नसते, आणि घराबाहेर काढले म्हणजे देवानेही टाकले अशी त्यांची समजूत असते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ऑगस्ट २०२२ मध्ये ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफजवळ महामार्गावरून जाणाऱ्या एका बंद ट्रेलरच्या फटीतून लहान बोटे हलताना कोणाला तरी दिसली आणि त्याने पोलिसांना कळवले. आत अकरा ते चौदा वर्षांच्या तीन मुली होत्या. गाडी चालवणारा सॅम्युअल बेटमन त्याच परंपरेतून फुटलेल्या गटाचा प्रमुख होता. पुढे सरकारी देखभालीत ठेवलेल्या आठ मुली त्याच्या ‘बायकां’बरोबर पळून गेल्या आणि दूर वॉशिंग्टन राज्यात सापडल्या. त्यांना सुटका हवीच नव्हती, असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. जन्मापासून ओळखीचे सगळे जग एकाच माणसाभोवती असल्यावर दुसरे जग विश्वासाचे वाटायला वर्षे लागतात. बेटमनला डिसेंबर २०२४ मध्ये पन्नास वर्षांची शिक्षा झाली.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या तीन भावंडांचे दाखले पालकांनी ‘गुरुकुलात घालतो’ म्हणून नेले. मोठी सातवीत होती. शाळेने आता काही करणे आपल्या अधिकारात बसते का?
— एक शिक्षिका, हिंगणा

उत्तर : बसते. दाखला दिल्यावर मुलांची नावे दुसऱ्या शाळेच्या पटावर चढली की नाही, हे यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी नोंद-संकेतस्थळावर पाहावे. नसतील तर ती शाळाबाह्य मुले आहेत, आणि तसे केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. मोठीच्या लग्नाची किंवा समर्पणाची कुजबुज कानावर आली असेल, तर गावाच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि १०९८ ला त्याच दिवशी सांगावे, मुख्याध्यापकांच्या परवानगीची त्यासाठी गरज नाही. वर्गातल्या मैत्रिणींना चौकशीला पाठवू नये. तिच्या वह्या शाळेत राहिल्या असतील तर त्या जपून ठेवाव्यात. अक्षर, तारीख आणि तिच्या हातचे पूर्ण नाव त्यांत आहे.