हवा किती, कट किती? वजनमापांविषयी प्रश्नोत्तरे

सोयाबीन मोंढ्यात उतरायला लागलं की पत्रं वाढतात, आणि बरीचशी एकाच शंकेची असतात : मालातली हवा, म्हणजे ओलावा, आणि त्यापायी लागणारा कट, म्हणजे वजनातली कपात. वैधमापनशास्त्र खात्यातून निवृत्त झालो तरी लोकांच्या लेखी मी अजून काट्याचाच साहेब. तेव्हा सगळ्यांना मिळून एकदाच उत्तरं देतो.

प्रश्न (उदगीर) : मिठाईवाला खोक्यासकट वजन करतो. चालतं का?

नाही. खोकं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा, मग पेढे टाकायचे.

प्रश्न (परतूर) : आमच्याकडे ज्वारी अजून पायलीनं देतात-घेतात. कायदा काय म्हणतो?

शेजारी उसनी द्यायला पायली खुशाल वापरा. विकताना किलोच.

प्रश्न (अंबाजोगाई) : पेट्रोल 100 ऐवजी 110 रुपयांचं टाकलं तर माप मारत नाहीत म्हणे. खरं का?

हे व्हॉट्सअॅपवरचं ज्ञान. मशीन आधी लिटर मोजतं, मग दरानं गुणून रुपये दाखवतं. 100 काय आणि 110 काय, त्याला सारखंच. 2017 मध्ये उत्तर प्रदेशात आणि आपल्या राज्यातही पंपांवर धाडी पडल्या, तेव्हा सापडलेल्या चिपा मोजणीच्या यंत्रणेतच घुसवलेल्या होत्या. तिथं तुमचे वरचे दहा रुपये काय करणार? शंका आली तर पंपावरचं 5 लिटरचं माप मागा. ते ठेवणं पंपचालकावर बंधनकारक आहे आणि मागणं हा तुमचा हक्क. 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक मान्य असतो. घट त्याहून जास्त निघाली किंवा माप द्यायला टाळाटाळ झाली, तर तिथूनच 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. घरी जाऊन, जेवून, झोपून उठल्यावर नको.

प्रश्न (औसा) : आडतीवर माझ्या सोयाबीनला 15 हवा निघाली. शेजारच्या दुकानात त्याच पोत्यातली 13 निघाली. भाव पाडला आणि वर क्विंटलमागे पाच किलो कटही लावला. हवा मोजणारं कुठलं मीटर खरं? या गोष्टीला दीड महिना झाला, आता तक्रार चालेल का?

शेवटापासून सुरुवात करतो. माल तेलगिरणीत जाऊन त्याची पेंडही झाली असेल, आता मोजायचं काय? तक्रार त्याच दिवशी, माल हलायच्या आत करायची. तरी आडत्याची हिशोबपट्टी जपून ठेवली असेल तर बाजार समितीच्या सचिवांना भेटा. त्यांनी दाद दिली नाही तर जिल्हा उपनिबंधक आहेतच.

आता मीटर. हे यंत्र पाणी मोजत नाही. दाण्यांतून वीज कशी जाते ते बघतं आणि त्यावरून ओलाव्याचा अंदाज सांगतं. हा अंदाज दाण्याच्या तापमानावर, नमुन्याच्या वजनावर आणि मीटरवर कुठलं पीक निवडलंय त्यावर हलतो. सोयाबीन ओतलंय आणि मीटर हरभऱ्यावर ठेवलंय, असं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. दुकानातल्या पोराला ते ठाऊकही नव्हतं. उन्हात तापलेल्या ट्रॉलीतला माल तसाच ओतला तर आकडा वेगळा, सावलीत निवल्यावर वेगळा. वरून पावसाचा शिंतोडा बसलेला दाणा तर मीटरला पार चकवतो. खरं उत्तर नमुना ओव्हनमध्ये वाळवून, आधीचं आणि नंतरचं वजन घेऊन मिळतं. मीटर त्या पद्धतीशी जुळवून घेतलेलं हवं. म्हणून ‘कुठलं खरं’ याचं उत्तर : कदाचित दोन्ही नाहीत. दोन्ही दुकानदारांना विचारायला हवं होतं, मीटर शेवटचं कधी तपासलं आणि त्याचा कागद कुठे आहे.

हिशोबही समजून घ्या. व्यापारी दहा-दोन-दोन धरतो : 10 टक्के हवा, 2 टक्के माती, 2 टक्के डागी दाणे. 15 हवेचा एक क्विंटल माल 10 वर आणला तर साधारण साडेचौऱ्याण्णव किलो उरतो, म्हणजे साडेपाच किलोची घट. 13 हवा असेल तर घट तीन किलोच्या थोडी वर. दोन मीटरांतला फरक क्विंटलमागे सव्वादोन किलोंचा झाला. भाव 5,000 धरला तर 110 रुपये, आणि वीस क्विंटल माल असेल तर दोन हजारांवर. एवढे पैसे एका न तपासलेल्या डबीच्या भरवशावर सोडायचे?

आणि 15 हवा खरी असेल, तर पाच किलो कट गणितात बसतो, हेही सांगतो. पॉइंटमागे किलोभर कापणं म्हणजे सरसकट लूट नव्हे. लूट पुढे आहे : कट लावला की हवेचा हिशोब संपला, मग त्याच हवेपायी भाव का पाडला? एकाच पाण्याचे पैसे दोनदा कापलेत. पट्टीवर कट कशाचा ते लिहून मागा. ‘कडता’ एवढाच शब्द लिहिला असेल तर सही करू नका.

नमुना पोत्याच्या तोंडातून नाही, तीन-चार पोत्यांच्या पोटातून घ्यायला लावा. मूठभर वेगळा काढून पिशवीत बांधून ठेवा. हमीभावाच्या खरेदीत हवेची अट 12 टक्क्यांची असते; 2024-25 च्या हंगामात केंद्रानं ती 15 पर्यंत सैल केली होती. यंदाचं काय, ते गाडी भरायच्या आधी खरेदी केंद्रावर विचारा, शेजाऱ्याला नको.

प्रश्न (गेवराई) : तीन गाठोडी कापूस भुईकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर, तोलला. घरच्या काट्याशी आठ किलोंचा फरक आला.

येणारच. 60 टनी काटा बहुधा 10-10 किलोंच्या टप्प्यानं वाचतो. 200 किलोंच्या खाली त्यावर तोलूच नये. भरलेल्या ट्रकचं वजन दोन काट्यांवर वीसेक किलोंनी वेगळं आलं तरी बोंब मारू नका. उसाच्या गाडीत दोन क्विंटलांचा फरक आला तर मात्र दोन्ही पावत्या घेऊन जिल्ह्याच्या वैधमापन निरीक्षकाकडे जा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी लागते आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. ते वाचायला दोन मिनिटं पुरतात.

प्रश्न (वसमत) : घरच्या मशीनवर बीपी 150, दवाखान्यात 135. गोळी वाढवू का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्धीसुद्धा नको. मशीन सोबत न्या आणि एकाच बैठकीत दोन्हींवर मोजून घ्या. दंडाचा पट्टा आखूड असेल तर आकडा चढतो. पाच मिनिटं शांत न बसता मोजलं तरी चढतो. बीपीचं यंत्र आणि तापमापकही वजनमापांच्या कायद्याखाली येतात. पण भाजीच्या काट्यावरचा शिक्का बघणारा माणूस दवाखान्यात कधी बघत नाही.

प्रश्न (कळंब) : आमचं रान वाहून गेलं, पण महसूल मंडळाच्या पर्जन्यमापक यंत्रात 61 मिलिमीटरच पाऊस. अतिवृष्टी धरत नाहीत.

24 तासांत 65 मिलिमीटरला रेघ ओढली की 61 वाल्याचं असं होतं. मंडळाला एक यंत्र, आणि आपल्याकडचा पाऊस बांध बघून पडतो. 2025 च्या सप्टेंबरात हीच रड किती गावांनी ऐकवली! त्यात उलटणाऱ्या छोट्या बादलीचं यंत्र धो-धो पावसात थोडं कमीच मोजतं, कारण बादली उलटतानाचं पाणी निसटतं. नरसाळ्यात पाला अडकला किंवा शेजारी झाड वाढलं तर विचारूच नका. यंत्राभोवतीची जागा कशी आहे ते बघा, फोटो काढा, तहसीलदारांना लेखी द्या. पण यंत्राच्या आकड्याशी भांडत बसून पंचनामा चुकवू नका. तलाठी आणि कृषी सहायकाकडे अर्ज आजच द्या, पोच घेऊन.