१२ वर्षं जिनिंगमध्ये फिटर आहे, आता इलेक्ट्रिकलचं कोणतं शिक्षण घेऊ?

भाऊ, आधी ठरवा, काम कुठं करायचं आहे. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीवर डोळा असेल तर इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन आयटीआय लागतंच, अनुभव तिथं चालत नाही. दोन्ही दोन-दोन वर्षांचे. कारखान्यातच राहायचं असेल तर इलेक्ट्रिशियन घ्या, वायरमन नको. मोटार आणि पॅनल त्यात जास्त येतं.

फिटरचा आयटीआय झालेला असेल तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो; इलेक्ट्रिकल शाखेला चालेल का, ते आधी विचारून घ्या. पण कापसाच्या सीझनमध्ये मालक सुट्टी देईल का, हे तुम्हालाच माहीत!

शिकताना स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे मोठी मोटार कमी करंटवर सुरू करणारी पेटी, उघडून बघा. १० एचपीची मोटार साधारण १४ अँपिअर घेते, पण ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त करंट गेला की मोटार बंद करणारा, मोटारीच्या आतल्या वाइंडिंगच्या वायरीवर असेल तर तिथं करंट कमी असतो, म्हणून तो ८ वर ठेवतात. माझ्यासारख्या फिटरला असलं विजेचं काही ठाऊक नव्हतं. मोटार गुणगुणत होती, मी बेअरिंग बदललं. निघालं काय, विजेच्या तीन फेजपैकी एक गेलेला.

आणि परवाना नसताना पॅनलमध्ये हात घालू नका. वायरमनचा परवाना वेगळा काढावा लागतो. चौकशी जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात करा.