शब्दांना जागा देणारा अल्बम

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेली तिन्ही गाणी मी शांतपणे ऐकली. शब्द तुझे आहेत, चाली तुझ्या आहेत आणि त्यांत कुठेही उसना भाव नाही, याचा मला फार आनंद झाला. मात्र त्या शब्दांवर तू इतके काही रचले आहेस, की दुसऱ्या गाण्याचा अंतरा हेडफोन लावूनही मला नीट कळला नाही. त्याविषयी सविस्तर लिहीनच. पण त्याआधी तू एक अल्बम ऐकावास असे मला वाटते. लेनर्ड कोहेन या कॅनडातील कवी-गायकाचा ‘यू वॉन्ट इट डार्कर’ हा अल्बम २१ ऑक्टोबर २०१६ रोजी प्रसिद्ध झाला, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. त्यात नऊच गाणी आहेत. आपल्या पहिल्या अल्बमनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी एखादा माणूस असे काम करू शकतो, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

अल्बम आल्यावर सतराव्या दिवशी, ७ नोव्हेंबरला, कोहेन गेले. त्यामुळे जो तो हा अल्बम निरोप म्हणूनच ऐकतो. तू तसा ऐकू नकोस, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. शीर्षकगीतात बायबलमधील अब्राहमाने देवाच्या हाकेला दिलेले ‘हिनेनी’ (‘हा मी, हजर आहे’) हे हिब्रू उत्तर येते, तेव्हा निरोपाच्या कल्पनेला आधार नाही असे मी म्हणणार नाही. पण अल्बम प्रसिद्ध होण्याच्या काही दिवस आधी लॉस एंजेलिसमध्ये पत्रकारांशी बोलताना, आपण मरणाला तयार असल्याचे म्हणालो ती अतिशयोक्ती होती आणि आपला बेत कायम जगण्याचा आहे, असे त्यांनीच सांगितले होते. त्यांच्या मागे इतके काम अपुरे राहिले होते, की त्यांचा मुलगा अ‍ॅडम याने त्यातून २०१९ मध्ये आणखी एक अल्बम पूर्ण केला. म्हणजे हा माणूस आवराआवर करत बसलेला नव्हता. तो कामात होता. त्याच्या मृत्यूकडे पाहून तुझ्या डोळ्यांत पाणी येईल, पण गाणे कसे बांधावे हे मात्र त्याच्या कामाकडे पाहूनच कळेल.

आता हे काम कसे झाले ते पाहा. पाठीच्या कण्याला झालेल्या अस्थिभंगांमुळे कोहेन यांना स्टुडिओत जाणे अशक्य झाले होते. तेव्हा अ‍ॅडमने त्यांच्या लॉस एंजेलिसमधील घराच्या दिवाणखान्यातच ध्वनिमुद्रणाची सोय केली. रुग्णांसाठी असते तशी खुर्ची आणली, समोर मायक्रोफोन ठेवला आणि वडिलांना बसून गाता येईल अशी व्यवस्था केली. अनेक चाली पॅट्रिक लेनर्ड या संगीतकाराबरोबर बांधलेल्या होत्या. संपूर्ण अल्बममध्ये आवाज मध्यभागी आहे, इतका जवळ की श्वासही ऐकू येतो, आणि बाकी सर्व काही त्या आवाजाला अडथळा होणार नाही अशा बेताने बाजूला बसवलेले आहे.

शीर्षकगीत लक्षपूर्वक ऐक. आरंभी पुरुषांच्या समूहस्वराची संथ लहर येते. हा वृंद कॅनडातील मॉन्ट्रियल शहरातल्या शार हाशोमायिम या सिनेगॉगचा, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाचा. कोहेन यांच्या घराण्याचा त्या प्रार्थनास्थळाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध होता आणि लहानपणी कानांवर पडलेला तो नाद त्यांनी या वयात मुद्दाम मागवून घेतला. मग बास गिटारची एक छोटी, पुन्हा पुन्हा येणारी स्वररचना सुरू होते आणि त्यानंतर जो आवाज येतो तो गातो असे म्हणणेही कठीण आहे. तो बोलण्याच्या अगदी काठावर आहे. कडवे चालू असताना वृंद मागे सरतो आणि ओळ संपली की पुढे येतो. शेवटी, कोहेन थांबल्यावर, त्या सिनेगॉगचे प्रमुख गायक गिडियन झेलरमायर यांचा उंच, मोकळा स्वर एकटाच वर जातो. जी उंची कोहेन यांच्या गळ्यात राहिलेली नव्हती, ती त्यांनी दुसऱ्याच्या गळ्यातून गाण्यात आणली. अल्बमच्या अखेरीस हेच वेगळ्या रीतीने घडते: ‘ट्रीटी’ या गाण्याची चाल तंतुवाद्ये पुन्हा वाजवतात आणि कोहेन यांचा आवाज अगदी शेवटी, काही ओळींपुरताच येतो.

तुझा गळा तरुण आहे, तीन सप्तकांत फिरतो आणि म्हणूनच तो तुला फसवतो, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या गाण्यात अंतऱ्याची तिसरी ओळ तू तार सप्तकात नेली आहेस. तिथे जोडाक्षरे दाटीने आली आहेत, त्यांच्या मागे बासरी तीच चाल वाजवते आहे आणि वर प्रतिध्वनीचा थर आहे. कवितेतली सर्वांत महत्त्वाची ओळ नेमकी तिथे बुडाली. आपल्याकडे भावगीताची परंपरा ज्यांनी घडवली त्यांनी शब्द ऐकू येणे ही पहिली अट मानली होती. ती अट तुलाही लागू आहे.

शब्दांच्या बाबतीत कोहेन यांची शिस्त तर आणखी कठोर होती. ‘हॅलेलुया’ हे त्यांचे गाणे आज जगभर गायले जाते, पण त्यावर त्यांनी काही वर्षे घालवली आणि ढीगभर कडवी लिहिली. ते १९८४ च्या ज्या अल्बममध्ये होते, तो त्यांच्याच कंपनीने अमेरिकेत काढण्यास नकार दिला होता. पुढे १९९१ मध्ये जॉन केल आणि १९९४ मध्ये जेफ बकली या गायकांनी गायल्यावर ते लोकांपर्यंत पोहोचले. एखादे कडवे टाकून द्यायचे असले तरी आधी ते पूर्ण लिहावे लागते, असे कोहेन सांगत असत. तू अर्धवट सुचलेली ओळ तिथेच सोडून वाद्यांकडे वळतोस, असा मला संशय आहे, कारण तिसऱ्या गाण्यात जिथे जिथे शब्द सैल आहेत तिथे तिथे नेमका व्हायोलिनचा तुकडा आला आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला मुंबईकर म्हणून विशेष जवळची वाटते. कॅलिफोर्नियातील झेन बौद्ध मठात काही वर्षे राहून, तिथे भिक्षूची दीक्षाही घेऊन, कोहेन १९९९ मध्ये मठातून बाहेर पडले आणि मुंबईला आले. रमेश बाळसेकर यांच्या घरी सकाळी होणाऱ्या सत्संगाला ते जाऊन बसत. बाळसेकर हे बँक ऑफ इंडियाचे निवृत्त प्रमुख आणि खेतवाडीत अद्वैत सांगणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. महाराजांचे मराठी बोलणे परदेशी साधकांसाठी इंग्रजीत सांगण्याचे काम त्यांनी केले होते. कोहेन यांचे आयुष्यभराचे नैराश्य त्याच सुमारास निवळत गेले. एवढे सारे पदरी असताना या अल्बममध्ये अद्वैताची परिभाषा कुठेही मिरवलेली नाही. आहे ते देवाशी साध्या शब्दांत घातलेले भांडण. तुझ्या पहिल्या गाण्यात मात्र तू वाचलेली तीन पुस्तके मला दिसली. ते वाचन अजून तुझे झालेले नाही, म्हणून ते वर तरंगते आहे. ती दोन कडवी सध्या बाजूला ठेव. काही वर्षांनी त्यांतले काय उरते ते पाहू.

दुसरे गाणे मात्र सोडू नकोस, त्यात जीव आहे. त्याची पट्टी दोन स्वरांनी खाली घे, अंतऱ्याची तिसरी ओळ मध्य सप्तकातच राहील अशी चाल फिरवून बघ आणि ती ओळ म्हणताना श्वास कुठे घ्यावा लागतो ते वहीत ओळीवरच खूण करून ठेव. मग फक्त तानपुरा किंवा गिटार घेऊन, खोलीत बसून, प्रतिध्वनी न लावता ते मुद्रित कर आणि मला पाठव. बासरी कुठे यावी आणि यावी की नाही, हे ते ऐकल्यावर आपण दोघे मिळून ठरवू.

तुझा,
काका